काळे लोखंड आणि क्रोमची चकाकी

पुण्याच्या शनिवार पेठेत धातूचा इतिहास दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण सगळ्यांना ठाऊक आहे: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरचे अणकुचीदार लोखंडी खिळे. ते पाहायला लोक तिकीट काढून येतात. दुसऱ्या ठिकाणाकडे इतिहास म्हणून कुणी पाहत नाही. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली जुनी फियाट नाहीतर अँबॅसडर उभी असते. पुढचा बंपर चेपलेला, दारावरच्या चकचकीत पट्ट्या निखळलेल्या आणि बंपरच्या खालच्या कडेने गंजाचे तांबूस फोड आलेले. मला ह्या दुसऱ्या ठिकाणाविषयी लिहावयाचे आहे.

अशा गाड्यांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'विंटेज' अशी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९७४ साली 'पद्मिनी' हे नाव घेऊन कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली गाडीही आता ह्या मानाला पात्र झाली. मग मालक बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात बंपरचे कान, हेडलाइटच्या कड्या, चाकांचे कप शोधत हिंडतो, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून चौकशी करतो आणि शेवटी सगळा ऐवज गोणपाटात गुंडाळून निकेल-क्रोमवाल्याच्या दुकानी नेऊन टाकतो. 'मूळ रूप' तिथे घडते. सरकारच्या नियमात मूळ रूपाची व्याख्या आहे. ते रूप पुन्हा आणणाऱ्या हाताची नोंद कुठल्याही कागदावर नाही. गाडीच्या इतिहासाची पुस्तके चाळली तर मालकांची, कारखानदारांची, आराखडा काढणाऱ्यांची नावे मिळतात. बंपर घासणारा मिळत नाही.

त्या दुकानात काय होते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचे लिखाण श्रमाचा गौरव पुष्कळ करते, पण श्रम म्हणजे नेमके काय केले जाते ते सांगताना चार ओळींत उरकते.

गाडीवरचे सगळेच चकाकणारे भाग एका धातूचे नसतात. बंपर लोखंडी पत्र्याचा असतो. दाराच्या मुठी, बोनेटवरची नावाची अक्षरे हे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग. खिडकीकडेच्या पट्ट्या कधी स्टेनलेस स्टीलच्या, कधी अॅल्युमिनियमच्या. जाणता कारागीर आधी चुंबक लावून पाहतो, वजन पाहतो, पाठीमागची बाजू नखाने खरवडून पाहतो. स्टेनलेसच्या पट्टीला क्रोम लागतच नाही. तिचा पोचा मागून बारीक हातोडीने उचलायचा, उंचवटा हलक्या हाताने कानशीने काढायचा, मग एमरी, मग बफ; ती आपल्याच अंगाने उजळते. अॅल्युमिनियमच्या पट्टीची तऱ्हा निराळी. पण बंपरला ही सवलत नाही. लोखंडाला उघडे ठेवले की हवा-पाणी त्याला खायला बसते.

म्हणून प्रथम जुने सगळे काढावे लागते. बंपर आम्लात घातला की क्रोम काही मिनिटांत उतरतो. त्याच्याखालचे निकेल चिवट असते. त्याला आम्लात ठेवून उलटा विद्युत्प्रवाह द्यावा लागतो. मग उघडे लोखंड दिसते: डागाळलेले, खड्डे पडलेले, कुठे चेपलेले. चेपलेला भाग मागून ठोकून वर आणायचा, पुढून ठोकळ्याचा आधार द्यायचा. पत्रा फार ठोकला तर ताणला जातो आणि मग तो कधीच सरळ बसत नाही. हे काम पाहताना मला नेहमी कसब्यातली तांबट आळी आठवते. पेशव्यांच्या आश्रयाने वसलेल्या त्या आळीत तांब्याच्या हंड्यावर एकेक ठोका मोजून मारला जातो. त्याला मठारकाम म्हणतात. फरक इतकाच, की तांबटाचा ठोका भांड्यावर दिसावा म्हणून मारलेला असतो. बंपर सरळ करणाऱ्याचा ठोका अजिबात दिसता कामा नये.

त्यानंतर घासणे. जाड एमरीपासून बारीक एमरीपर्यंत, मग कापडी चाकावर साबण लावून बफिंग. नवख्या माणसाला वाटते की चमक क्रोमची असते. तसे नाही. क्रोमचा शेवटचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. इतका पातळ थर काहीच झाकू शकत नाही. खाली ओरखडा असेल तर वर ओरखडाच दिसणार, उलट अधिक ठसठशीत दिसणार. आरसा बनतो तो घासलेल्या लोखंडाचा, त्यावर तांब्याचा थर देऊन पुन्हा घासलेल्या तांब्याचा आणि त्यावरच्या निकेलचा. तांबे खड्डे भरते. जस्ताच्या ओतीव भागाला मात्र थेट आम्लातले तांबे चालत नाही, आम्ल जस्तालाच खाऊन टाकते. म्हणून आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा हलका हात द्यावा लागतो. निकेल साधारण वीस-तीस मायक्रॉनचे हवे. गंजापासून खरे रक्षण ते करते. क्रोम फक्त त्या निकेलला पिवळे पडू देत नाही आणि आपली निळसर झाक देतो. निकेलमध्ये काटकसर केली, की क्रोमच्या अतिसूक्ष्म भेगांतून पावसाचे पाणी खाली जाते आणि दोन पावसाळ्यांत बंपरला फोड येतात. निकेल आपल्याला परदेशातून आणावे लागते. ते महाग, म्हणून काटकसर बहुधा तिथेच होते. मालकाला ती दिसत नाही, कारण दुकानातून गाडी बाहेर पडते त्या दिवशी दोन्ही बंपर सारखेच चकाकतात.

शेवटची टाकी क्रोमची. लालभडक-नारिंगी द्रावण, त्यात शिशाच्या पट्ट्या, प्रवाह सुरू झाला की उकळी फुटल्यासारखे बुडबुडे. ह्या टाकीत विजेचा फार थोडा भाग धातू चढवण्याच्या कामी येतो, उरलेली वीज पाण्याचा हायड्रोजन करण्यात जाते. तो वायू वर येताना द्रावणाचे तुषार घेऊन येतो. टाकीवर धुके दिसते ते हेच. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ही चकाकी मोटारीवर आली तरी कशी? सुरुवातीच्या मोटारींचे दिवे, रेडिएटर पितळेचे असत. पितळ दर दोन दिवसांनी काळवंडते, ते घासायला माणूस लागतो. मग निकेल आले. विजेच्या साहाय्याने धातूवर धातू चढवण्याची कला १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी सोन्या-चांदीच्या मुलाम्यासाठी पेटंट करून धंद्यात आणली होती. तीच पुढे निकेलला लागू झाली. निकेल पितळेपेक्षा बरे, पण तेही पिवळसर पडते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक ह्यांच्या संशोधनाने क्रोम चढवणे व्यवहारात शक्य झाले आणि १९३० पर्यंत मोटारींवरून निकेल जवळजवळ हद्दपार झाले. जाहिरातींचा सूर असा, की आता घासायला नको, फडके फिरवले की झाले. इतिहासकार ह्याला प्रगती म्हणतात. प्रगती आहेच. पण घासणे नाहीसे झाले नाही. मालकाच्या अंगणात रोज सकाळी क्लीनर जे घासत होता, ते उचलून कारखान्याच्या एका अंधाऱ्या खात्यात नेऊन ठेवले गेले. अंगणातला माणूस निदान दिसत तरी होता.

आपल्याकडे मोटारीच्या आधीही धातूवर पातळ थर देण्याची कला होती. कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला नाही तर आंबट अन्न कळकते. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि घराघरांतली भांडी पुन्हा चांदीसारखी होऊन जायची. पेठेतल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जी भांडी रांगेने लावलेली असत, त्यांच्या आतल्या बाजूला अनेकदा मुसलमान कारागिराचा हात फिरलेला असे. भांडे घासून, विस्तवात तापवून, पुन्हा धुऊन घेतले की तो हात पुसला गेला असे मानत.

इथे जातीचा विषय मी ओढूनताणून आणलेला नाही. धातू आणि चकाकी ह्यांवर मक्तेदारी सांगणारे शास्त्र ह्या देशात लेखी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची राहणी ठरवून दिली आहे: वस्ती गावाबाहेर, वस्त्रे प्रेतावरची, अन्न फुटक्या भांड्यात आणि अलंकार काळ्या लोखंडाचे. काळे लोखंड. गंज चढणारे, न चमकणारे. धातूंची उतरंड माणसांच्या उतरंडीशी इतक्या उघडपणे जोडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात अडकवलेले मडके मातीचे होते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि ही केवळ पोथीतली गोष्ट राहिली नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेल्या आणि शेवटी न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी गुजरातेतल्या झनू गावची हकिगत दिली आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात तिथल्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या अस्पृश्य कुटुंबांतल्या बायका धातूच्या घागरींनी पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपल्या प्रतिष्ठेचा अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांवर हल्ला केला. पाणी कुठले, विहीर कुणाची, हा वाद पुढचा. घागर चकाकत होती हाच गुन्हा. त्याआधी १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की हातांतले कथलाचे आणि चांदीचे ढीगभर दागिने टाका, ती तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. कल्हईवाला भांड्याला जे कथील लावतो तेच हे. वाड्यातल्या पातेल्यात ते शुद्धीचे, आमच्या आजीच्या मनगटावर ते ओळख पटवण्याचे. धातू एकच, कुणाच्या अंगावर आहे त्यावरून त्याचा अर्थ ठरे.

ह्याची दुसरी बाजूही पुण्यातच आहे. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सत्यशोधक चळवळ उभी राहण्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट. शाळा काढणारे, ग्रंथ लिहिणारे जोतीराव आपल्याला पाठ असतात. मुशी आणि साचे ह्यांच्या बाजारात वावरणारे जोतीराव फारसे सांगितले जात नाहीत. मला वाटते, ज्याला धातू वितळताना पाहायची सवय असते त्याला 'हे अनादि कालापासून असेच आहे' हे वाक्य पटणे अवघड जात असावे.

विसाव्या शतकात खडकीचा दारूगोळा कारखाना, देहू रोडचा डेपो, रेल्वेची वर्कशॉपे ह्यांनी पुणे जिल्ह्यातल्या अस्पृश्यांना गावकीतून बाहेर काढले आणि धातूच्या जवळ आणले. पण खाते कोणते मिळेल हा प्रश्न होताच. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. विणखात्यात पगार जास्त होता, हे सांगावयास नकोच. बफिंगच्या चाकापाशी आणि आम्लाच्या टाकीपाशी मात्र विटाळाची तक्रार कुणी केल्याचे ऐकिवात नाही. जिथे फुप्फुस झिजते तिथे दरवाजा उघडाच असतो.

माझ्या चुलत्यांनी बफिंगच्या चाकावर तेवीस वर्षे काढली. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या लोंढ्यात ते होते. कारखान्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, तसे पुष्कळ होते. ते घरी आले की चुलती आधी चुलीवरचे पाणी उतरवायच्या, कारण अंघोळ झाल्याशिवाय त्यांना लेकरांना जवळ घेता येत नसे. न्हाणीतून काळे पाणी वाहायचे. काम सुटून वर्ष झाले तरी रुमालात काळे पडत होते. मी इतिहासात एम. ए. करतो आहे हे कळल्यावर त्यांनी एकदाच विचारले, "त्यात आमचं काही असतं का रे?" मी शिवकाल, पेशवाई, काँग्रेस असे काहीतरी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

आता त्या धुक्याकडे. क्रोमच्या टाकीतला क्रोम सहा संयुजेचा असतो. त्याचे तुषार नाकात जातात, नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला आधी खवखव, मग व्रण, मग आरपार भोक. बोटांच्या पेरांत खोल, न दुखणारे खड्डे पडतात. हे काही आजचे ज्ञान नव्हे. ग्लासगोच्या रंगाऱ्यांच्या हातावरचे असे व्रण विल्यम क्युमिन ह्या डॉक्टरने १८२७ सालीच नोंदवले होते. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सहा संयुजेच्या क्रोमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. युरोपात २०१७ पासून खास परवानगीवाचून क्रोमिक आम्ल वापरता येत नाही. तीन संयुजेचा, पुष्कळ कमी घातक असा क्रोम चढवण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिची झाक किंचित वेगळी, काहीशी काळसर येते, आणि जुन्या गाड्यांचे हौशी लोक ती नाकारतात, कारण ती 'मूळ' दिसत नाही. मूळ निळसर झाक टिकवायची तर कुणाच्या तरी नाकातून ती जाणार, हे मूळ रूपाच्या अटीत लिहिलेले नसते.

कायदा नव्हता असे नाही. १९४६ साली बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांची यादी जोडलेली होती, तिच्यात क्रोमच्या व्रणांचे नाव होते. पण सर्वसाधारणपणे विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच कारखाना म्हणत. २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. निकेल-क्रोमच्या गल्लीतल्या दुकानात मी गेलो तेव्हा चार माणसे होती. एकाच्या पायात गमबूट होते. हातमोजे खुंटीवर होते, आणि ते का घातले नाहीत असे मी विचारले तेव्हा पोराने सांगितले की मोज्यांनी तार धरता येत नाही, नग घसरून टाकीत पडतो आणि पडलेला नग त्याच्या मजुरीतून जातो. 'मसाल्याचे' प्रमाण, म्हणजे द्रावणात उजळपणासाठी काय किती घालायचे, ते फक्त मालकाला माहीत. ज्ञान गल्ल्यापाशी आणि विष टाकीपाशी. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही वाटणी ओळखीची वाटावी.

साखळी आणखी लांब जाते. भारतातला बहुतेक क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघतो. आदिवासींचा मुलूख. खाणींचे पाणी दमसाल नाल्याला मिळते. २००७ साली जगातल्या दहा अति-प्रदूषित ठिकाणांची एक यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात सुकिंदाचे नाव होते. गुजरातेतली वापीही होती. शनिवार पेठेतल्या बंपरवर अर्धा मायक्रॉन बसतो त्याची सुरुवात तिकडे होते.

मी जुन्या गाड्यांचा शत्रू नाही. 'डुक्कर फियाट' समोरून गेली तर मीही वळून पाहतो. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने भरून लिहिले, आणि त्यातले बरेचसे मनापासूनचे होते. टॅक्सीवाल्यांच्या मुलाखती आल्या, चित्रपट आठवले गेले, एखादी गाडी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. ठेवावी. पण तिच्याजवळच्या पाटीवर काय लिहायचे? वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ मध्ये नाव बदलले, २०००-०१ च्या सुमारास उत्पादन थांबले. एवढे कुणीही लिहील. त्या गाडीचा बंपर कुर्ल्यात कुणी घासला, त्याला नगामागे काय मिळत होते, त्या खात्यात माणसे कुठल्या गावची आणि कुठल्या जातींची होती, किती जणांच्या नाकाला भोक पडले आणि किती जणांनी ते सर्दी समजून अंगावर काढले, हे कुणी विचारलेले मला दिसले नाही.

विचारायला वेळ फार नाही. त्या खात्यांत विशीत लागलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे वडील, चुलते, मामा अशा खात्यांत होते: कुर्ल्याला, खडकीला, देहू रोडला, चिंचवडला, नाना पेठेच्या आसपास. सुट्टीत गावी किंवा वस्तीत जाल तेव्हा त्यांच्यापाशी बसा आणि लिहून घ्या. टाकीपाशी कोण उभे राहत असे. बदली कामगाराला आधी कुठले काम देत. दूध किंवा गूळ मिळत होता काय, आणि मिळत असेल तर कुणाला. साहेब टाकीजवळ येताना नाकाला रुमाल लावत होता की नाही. हात दाखवायला सांगा. पेरांवरचे खड्डे असतील तर त्यांचीही नोंद करा, कारण डॉक्टरांच्या कागदावर ती बहुधा नसणार. माझे चुलते आठ वर्षांमागे वारले. त्यांच्याकडून मी ह्यांतले जेमतेम निम्मे विचारून घेतले होते.